पडक्या वाड्यात शिरण्याआधी

आधी मालकाची परवानगी घे. घर ओसाड असलं तरी जमीन कुणाची तरी असतेच. आणि एकटा जाऊ नकोस.

पहिली अर्धी घटका कॅमेरा पिशवीतच राहू दे. बाहेरून चक्कर मार आणि छपराच्या कण्याची, म्हणजे सगळ्यात वरच्या आढ्याची रेषा बघ. मधोमध झोळ आला असेल तर आत पाऊल टाकू नकोस. गवतात आडव्या फळ्या दिसल्या तर लांबच राहा, खाली जुनी विहीर असू शकते. माझा पाय एकदा अशा फळीवर पडला होता. ती करकरली, तो आवाज अजून कानात आहे.

करडं पडलेलं लाकूड म्हणजे कुजलेलं लाकूड नव्हे. उन्हाने वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, आणि पांढुरके तंतू उरतात. देवदार-पाइनसारखं उघडं लाकूड १०० वर्षांत साधारण ६ मिलिमीटरच झिजतं. खरी कुज लागते ती ओल साचते तिथे, तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला. तिथे टोचणी खुपसून बघ.

खिळे मात्र जरूर न्याहाळ. चौकोनी अंगाचे असतील तर बांधकाम बहुधा तारेच्या गोल खिळ्यांच्या आधीचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं किंवा त्याहून जुनं. उपटून मात्र आणू नकोस. फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून.