हिरवळ आली, पण भट्टीचं काय?

प्रश्न : हयाओ मियाझाकींचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (1997) आमच्या मंडळात पाहिला. वनदेवाचं तोडलेलं शिर त्याला परत मिळतं, डोंगर हिरवे होतात, तरी लांडग्यांत वाढलेली सान आणि हातावर शाप घेऊन आलेला तरुण अशिताका वेगळे राहतात. माणूस आणि जंगलाचं भांडण मिटलं असं समजायचं का?
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : लढाई थांबते, भांडण तसंच राहतं. कारण भट्टीत आहे. जंगल तोडून लोखंड गाळणाऱ्या एबोशीची वस्ती ते विकून तांदूळ घेते. जपानच्या पारंपरिक तातारा भट्टीला एका खेपेस साधारण 10 टन लोहवाळू आणि 12 टन लाकडी कोळसा लागतो. तीन दिवस, तीन रात्री भाता चालला की हाती अडीचेक टनांचा ठोकळा येतो. म्हणजे लोखंडाच्या चौपटीहून जास्त कोळसा, आणि कोळसा म्हणजे झाडं. त्याच भट्टीवर कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायका आणि कुष्ठरोगी मानानं जगतात, म्हणून एबोशीला नुसती खलनायिका म्हणता येत नाही. शेवटी एक हात गमावलेली एबोशी पुन्हा चांगलं गाव वसवू म्हणते. ते गाव कशावर जगणार, हे कुणी बोलत नाही.

हिरवळही नीट पाहा. उगवतं ते गवत नि कोवळी झुडपं. जुनं शेवाळलेलं, काळोखं अरण्य नव्हे. सान तेच म्हणते : झाडं वाढली तरी हे शिशिगामीचं, म्हणजे वनदेवाचं, वन उरणार नाही. अशिताकाच्या मते शिशिगामी मरूच शकत नाही, तो म्हणजे जीवनच. निवाडा होत नाही, आणि तेच प्रामाणिक आहे. अशिताकाच्या हातावरचा शापाचा डागसुद्धा फिका होतो, पुरता जात नाही.

सानला अशिताका प्रिय आहे, पण माणसांना ती क्षमा करू शकत नाही. तो म्हणतो, तू वनात राहा, मी ताताऱ्यात, म्हणजे भट्टीच्या वस्तीत, राहीन, भेटायला येत जाईन. अनेकांना ही अपुरी प्रेमकथा वाटते. आम्हाला ती सगळ्यात ठोस तजवीज वाटते : पुढच्या वेळी कुऱ्हाड उचलली जाईल तेव्हा वनाची बाजू जाणणारा एक माणूस गावात असेल. आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावाला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, म्हणून शहराची जमिनीची भूक संपली नाही. तिथेही रोज लक्ष ठेवणारी माणसंच लागतात.

पुन्हा लावाल तेव्हा आधी भात्याचा प्रसंग पाहा. बायका पायांनी भाता तुडवतात, चित्रपटात एक पाळी चार दिवस, पाच रात्रींची. लगेच शेवटची पाच मिनिटं लावा आणि मंडळात विचारा : नव्या गावात हा भाता असेल का?