देह आणि आत्मा : 'वाद' की 'संवाद'?

प्रश्न असा होता की मध्ययुगीन युरोपातल्या धार्मिक कवितांमध्ये मेल्यावर शरीर आणि आत्मा एकमेकांशी बोलतात, त्या प्रकाराला मराठीत 'संवाद' म्हणायचं का 'वाद'?

माझं मत 'वाद', पण सगळ्याच कवितांना नाही. सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे ती जुन्या इंग्रजीतली, 10व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दोन हस्तलिखितांत सापडते, एक इंग्लंडात एक्सेटरला आणि दुसरं इटलीत व्हर्चेलीला. तिच्यात बोलतो फक्त आत्मा. दर सात रात्रींनी थडग्याशी येतो, जगाचा अंत आधी झाला नाही तर तीनशे वर्षं, आणि कुजलेल्या देहाला फैलावर घेतो की तुझ्या चैनीपायी मला हे भोगावं लागतंय. देहाला उत्तर द्यायचं असलं तरी देणार कसं, जबडा वासलेला, जीभ फाटून गेलेली, कारण किड्यांचा एक म्होरक्या आहे, त्याचं नाव 'गिफर' म्हणजे अधाशी, त्याचे जबडे सुईपेक्षा टोकदार, आणि तो सगळ्यांच्या आधी आत शिरून बाकीच्यांना वाट करून देतो. आता इथे समोरचा गप्पच आहे तर वाद कसला आणि संवाद तरी कसला, ही सरळ कानउघाडणी आहे.

पुढे लॅटिनमधल्या 'विझिओ फिलिबर्टी' या कवितेत मात्र तिरडीवरचं प्रेत चक्क डोकं वर करतं आणि उलट बोलतं, आणि मुद्दा बिनतोड असतो: देवाने अक्कल तुला दिली, मला तुझी दासी केलं, तुझ्याशिवाय मला बोट हलवता येत नाही, मग पाप कुणाचं? मला हे भांडण फार आवडतं कारण दोघांचंही खरं आहे. शेवटी समेट नाहीच, सैतानाचे दूत येऊन आत्म्याला ओढत नेतात. आपल्याकडे एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे, त्यात दोघं एकमेकांची उणीदुणी काढतात पण शेवटी मनं जुळतात, म्हणून तिथे 'संवाद' शोभतो, इथे नाही शोभत.

खरं तर मला 'आत्मा' हाच शब्द जास्त खटकतो. मराठी वाचकाच्या डोक्यात आत्मा म्हटलं की गीतेतला येतो, जो शस्त्राने तुटत नाही, आगीत जळत नाही, पापपुण्यापासून अलिप्त. या कवितांमधला पाप करतो, रडतो, घाबरतो, नरकात जातो. आपल्याकडे हे सगळं भोगतो तो जीव, जीव अडकतो, जीवाला यातना होतात असंच आपण बोलतो ना.

तेव्हा लॅटिन कविता आणि तिच्या वळणाच्या नंतरच्या इंग्रजी कवितांना 'देह-जीवाचा वाद' म्हणा, आणि दोन्ही प्रकार एकत्र घ्यायचे असतील तर 'देह-जीवाच्या कविता' एवढं पुरे.