पोहता येत नाही आणि पावसाळ्यात पंप घ्यावा लागतो; हॅवलॉकला स्कुबा करताना फॉर्मवर दमा लिहावा का?

आपला प्रश्न असा आहे: आपण ऐरोलीला राहता, वय 46, पोहता येत नाही, डिसेंबरात सहकुटुंब अंदमानला जाणार आहात, तिथल्या हॅवलॉक बेटावर (आताचे स्वराज द्वीप) प्रशिक्षकाबरोबर स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणे, करण्याची इच्छा आहे आणि त्या डायव्हच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी परतीचे विमान आहे. लहानपणापासूनचा दमा आता फक्त पावसाळ्यात डोके वर काढतो. सहल ठरवून देणाऱ्याने मात्र बजावले आहे की फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा, नाहीतर पाण्यात उतरू देत नाहीत. डायव्ह कितपत सुरक्षित, पोहता यायला हवे का, खर्च किती येतो आणि दमा लिहावा की लपवावा, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्या तिन्हींची उत्तरे आपल्याला कोणीही देईल. मी लिहायला बसले ती चौथ्यासाठी, कारण हा प्रश्न आमच्या घरात 2019 च्या जानेवारीपासून मिटलेला नाही.

उत्तर एका शब्दाचे आहे: लिहा. ज्याने आपल्याला ‘नाही’ लिहायला सांगितले, तो आपल्याबरोबर पाण्यात उतरणार नाही.

आम्ही ठाण्याहून सहा जण गेलो होतो: मी, माझे पती, आमची मुलगी, दीर, जाऊ आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. माझ्या दिरांना दमा आहे, पण नौपाड्याच्या आमच्या घरात तो शब्द उच्चारला जात नाही. सासूबाई ‘त्याचं श्वासाचं थोडं आहे’ असे म्हणतात, आणि जूनमध्ये येऊरच्या डोंगरावर ढग उतरले की दिरांच्या ऑफिसच्या बॅगेत निळा पंप येतो, तोही आतल्या कप्प्यात, कोणाला दिसणार नाही असा. अंदमानच्या प्रवासात जाऊबाईंनी तो एका मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. माणूस मधुमेह चारचौघांत सांगतो, रक्तदाब तर अभिमानाने सांगतो, आणि दम्याबद्दल मात्र लग्न ठरायच्या वयापासून जो गप्प बसतो तो पन्नाशीपर्यंत गप्पच राहतो, हे मला कधीच पटलेले नाही.

हॅवलॉकच्या दोन नंबरच्या किनाऱ्यावर सकाळी सहाला आम्ही पोहोचलो. झाडाखाली एक टेबल होते, त्यावर फॉर्म आणि दोरीने बांधलेले पेन. फॉर्मवर हृदयविकार, दमा, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, चालू औषधे असे प्रश्न ओळीने होते आणि प्रत्येकासमोर होय किंवा नाही लिहायचे होते. दिरांनी एकही प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत ‘नाही’ लिहिले आणि मग जाऊबाईंचा फॉर्मही पुढे ओढून तसाच भरला. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मी म्हणाले, “भावजी, दम्याचं लिहायला हवं.”

“वहिनी, तो काय दमा आहे का? पावसाळ्यात होतं थोडं. आणि सिलिंडरमध्ये ऑक्सिजनच असतो ना? दम्याच्या पेशंटला हॉस्पिटलात तोच तर लावतात.”

“जाऊ दे ना,” माझे पती म्हणाले, “वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

प्रशिक्षक जवळच वेटसूट लावून ठेवत होता. त्याला मराठी कळत नव्हते, पण दमा हा शब्द हिंदीतही तोच आहे. तो आला, फॉर्म हातात घेतला आणि दिरांना त्याने एवढेच विचारले की पंप शेवटचा कधी घेतला. दीर काही बोलले नाहीत. जाऊबाई वाळूकडे पाहत म्हणाल्या, “काल. बोटीवर.” प्रशिक्षकाने फॉर्मची घडी केली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेता येणार नाही असे सांगितले, अगदी नम्रपणे, पण पुन्हा चर्चा होणार नाही अशा स्वरात. पुतण्याला दहा वर्षे पूर्ण नसल्याने तोही किनाऱ्यावरच राहणार होता. दीर त्याचा हात धरून नारळाच्या झाडांकडे गेले आणि त्या दिवशी माझ्याशी एक अक्षरही बोलले नाहीत. तेव्हापासून गणपतीत, दिवाळीत, कोणाच्या मुंजीत अंदमानचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते: ‘वहिनींनी मला पाण्यात जाऊ दिलं नाही.’

त्यांची एकेक बाजू मी इथे घेते, कारण आपल्याला सल्ला देणाऱ्याचीही बाजू तीच असणार.

पहिली गोष्ट, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. पहिल्यांदा उतरणाऱ्यांना जे सिलिंडर देतात, त्यात आपण आत्ता घेत आहोत तीच हवा दाबून भरलेली असते, सुमारे 200 बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशेपट दाबाने, आणि त्यात ऑक्सिजन 21 टक्केच असतो. भरताना त्या हवेतला ओलावा काढून टाकलेला असतो आणि दाबातून सुटताना ती गार होते. कोरडी, गार हवा, पाय मारण्याचे श्रम, मनातली धाकधूक आणि तोंडाशी येणारे खाऱ्या पाण्याचे तुषार: दम्याच्या माणसाची छाती ज्या कारणांनी आवळते, त्यांतली बहुतेक सगळी एकाच वेळी हजर असतात, आणि पंप वर बॅगेत असतो.

दुसरी बाजू ‘फार खोल नेत नाहीत’ ही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला 12 मीटरच्या खाली नेत नाहीत हे खरे आहे, पण 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेली सहा लिटर हवा वर येईपर्यंत बारा लिटर होऊ पाहते, आणि म्हणूनच ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला नियम असतो. निरोगी माणसाची वाढलेली हवा बुडबुडे होऊन सहज निघून जाते. ज्याच्या श्वासनलिका चिकट कफाने किंवा आकसल्यामुळे अरुंद झाल्या आहेत, त्याची हवा मात्र आत अडकू शकते, फुगू शकते, आणि फुप्फुस फाटून रक्तात शिरू शकते. त्याने श्वास रोखलेलाच नसतो, तरीही. शिवाय हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांतच पडतो, त्यामुळे उथळ पाणी म्हणजे कमी धोका हा हिशेब इथे लागू पडत नाही. काही झालेच तर हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) बोटीने दीड-दोन तासांवर आहे, हेही लक्षात ठेवावे.

तिसरे म्हणजे मालवण. त्याआधी दोन वर्षांपूर्वी दिरांनी मालवणला डायव्ह केला होता, तिथल्या बोटीवर त्यांना कोणी काही विचारले नव्हते आणि काही झालेही नव्हते. एकदा काही झाले नाही, यावरून त्या दिवशी छाती मोकळी होती एवढेच सिद्ध होते. (यात मालवणचा दोष नाही. जवळच तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे चांगले प्रशिक्षण केंद्र आहे, आणि ऐरोलीहून तेच अधिक सोयीचे पडेल.)

राहता राहिली ‘फॉर्म त्यांच्या बचावासाठी असतो, उद्या काही झाले तर हात झटकायला’ ही बाजू. त्यात तथ्य आहे. परंतु खाली गेल्यावर प्रशिक्षक आपला मास्क पाहू शकतो, हवेचा काटा पाहू शकतो, आपल्याला धरून वर आणू शकतो. आपल्या छातीत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ते त्याला कळण्याची जागा तो एक कागदच आहे.

आता आपल्या पोहण्याच्या प्रश्नाकडे येते, कारण मी स्वतः उतरले होते आणि मला तेव्हा जेमतेम तरंगता येत होते. महापालिकेच्या तरणतलावावर मी आदल्या उन्हाळ्यात दीड महिना गेले होते. पोहता येण्याची अट अशा पहिल्या डायव्हला नसते. प्रशिक्षक पाठीमागून सिलिंडर धरून आपल्याला नेतो. मात्र चेहरा पाण्यात असताना घाबरायचे नाही, ही सवय असेल तर फार सोपे जाते. तेव्हा वाशीला किंवा ठाण्याला पंधरा दिवस तलावावर जा आणि नाक पाण्यात ठेवून तोंडाने शांतपणे हवा सोडायला शिका.

छातीभर पाण्यात अर्धा तास सराव झाला: तोंडाने श्वास घेणे, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारे तोंडातले साधन, काढून पुन्हा लावणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढणे. खुणाही शिकवल्या. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मस्त’ नसून ‘मला वर न्या’ असा असतो. माझ्या पतींनी आनंदाच्या भरात दोनदा अंगठा दाखवला आणि दोन्ही वेळा त्यांना वर आणले गेले. दोन-तीन मीटरवर माझा डावा कान असा दुखला की सगळे सोडून द्यावेसे वाटले. मी कानाकडे बोट दाखवले, हात हलवला, त्याने मला हातभर वर घेतले, मी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले, कानात टिक् असा आवाज झाला आणि दुखणे गेले. कान मोकळा झाल्याशिवाय वीतभरही खाली जाऊ नका, व्हिडिओ काढणारा समोर खोळंबला असला तरीही. आणि सर्दी असेल तर तो दिवस सोडून द्या.

खाली स्वतःच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. समुद्रफुलाच्या तंतूंमध्ये नारिंगी-पांढरे क्लाउनफिश आतबाहेर करत होते. ते तंतू इतर माशांना डंख करतात आणि यांना आसरा देतात. माझ्या मनगटावर पूजेचा लाल दोरा होता. तो खाली मातकट, जवळजवळ काळपट दिसू लागला आणि मला वाटले की भिजून त्याचा रंग गेला. वर आल्यावर पाहते तर दोरा लालच होता. पाणी आधी लाल रंग शोषून घेते, हे प्रशिक्षकाने नंतर सांगितले. किनाऱ्यावर येताच मी तो पुतण्याला दाखवला. दीर शेजारीच उभे होते, त्यांनी दोऱ्याकडे पाहिले नाही.

ही घटना सांगताना मी एक गोष्ट आजवर घरात कबूल केलेली नाही, ती इथे करते. बोलले ते योग्यच होते, पण बोलायला फार उशीर झाला होता. विमानाची तिकिटे काढली तेव्हा, म्हणजे दोन महिने आधी, मला पंपाची माहिती होती. तेव्हाच ठाण्यात छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो असतो तर कदाचित दीरही खाली आले असते. कारण दमा असला म्हणजे स्कुबा कायमचे बंद, असे मुळीच नाही. दमा आटोक्यात असेल, श्वासाची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री व्यवस्थित आली असेल, तर डॉक्टर काही जणांना परवानगी देतात. ज्यांचा दमा गार हवेने, श्रमाने किंवा ताणाने उसळतो त्यांना साधारणपणे नकार मिळतो, आणि परवानगी मिळालेल्यांनीही पंप घ्यावा लागल्यानंतर 48 तास पाण्यात उतरायचे नसते. दिरांनी बोटीवर घेतला होता तो आदल्या दिवशी.

म्हणून आपण नोव्हेंबरमध्येच तपासणी करून घ्या आणि चिठ्ठीवर ‘श्वसन ठीक आहे’ असे मोघम न लिहिता ‘स्कुबा डायव्हिंगसाठी योग्य’ असे स्पष्ट लिहून मागा. डॉक्टर तसे लिहायला तयार नसतील तर तेच आपले उत्तर समजा. स्नॉर्कलिंगबद्दलही त्यांनाच विचारा. दिरांसाठी मी दोनदा वेळ घेतली होती आणि दोन्ही वेळा ती रद्द झाली. त्यांनी हे वाचलेच तर तिसऱ्यांदा घ्यायला मी आजही तयार आहे.

खर्चाचे म्हणाल तर दर विचारताना तीन गोष्टी विचारा: पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटे, एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि डॉक्टरांनी नकार दिला तर पैसे परत मिळतात का. पोहता येत नसेल तर एकास एक प्रशिक्षक असल्याशिवाय उतरू नका.

आणि आपले परतीचे विमान डायव्हच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आहे, ते बदला. एकाच डायव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डायव्ह केल्यास किमान 18 तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. बरीच केंद्रे सरसकट 24 तास सांगतात आणि मीही तेच सांगेन. बोटीची वेळ धरली तर आपला हिशेब फारच ताणलेला आहे. विमान बदलता येत नसेल तर हॅवलॉकला पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी डायव्ह ठेवा आणि राधानगरचा किनारा नंतर पाहा.