कोळशाची पूड पाण्यात कालवून फर्नेस ऑइलच्या बॉयलरमध्ये जाळता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भिवंडीला छोटं डाइंग युनिट, २ टनाचा तेलावरचा बॉयलर. कोणीतरी येऊन सांगितलंय की कोळशाची स्लरी तेलासारखीच जळते, फक्त पंप बदलावा लागेल आणि इंधनाचा खर्च निम्मा होईल. हे खरं आहे का, आणि स्लरी मिळते कुठे?

'फक्त पंप बदलावा लागेल' हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य मी २००८ साली रबाळे एमआयडीसीत ऐकलंय, शब्दसुद्धा हेच. म्हणून लिहायला बसलो, एरवी इथे मी नुसता वाचत असतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. जळते. नीट केली तर छान जळते, मी स्वतः अकरा दिवस जाळली आहे. तुमच्या बॉयलरमध्ये जाळू नका.

मी तेव्हा एका केमिकल कंपनीत फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट होतो. कळव्याला घर, ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडून रबाळे. त्या वर्षी जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरला जाऊन टेकलं होतं आणि फर्नेस ऑइलचा टँकर आला की आमच्या साहेबांचा चेहरा मयताला आल्यासारखा व्हायचा. तशात एक कन्सल्टंट आला. लॅपटॉपवर त्याने अमेरिकेतल्या ब्लॅक मेसा पाइपलाइनचा फोटो दाखवला: ॲरिझोनाच्या खाणीतून नेवाडातल्या वीज केंद्रापर्यंत ४४० किलोमीटर कोळशाची स्लरी वाहते, १९७० पासून. साहेब खूश. ती लाइन २००५ मध्येच बंद पडली होती हे त्याने सांगितलं नाही. त्या स्लरीत निम्मं पाणी असायचं आणि जाळण्याआधी ते सेंट्रिफ्यूजने काढून टाकावं लागायचं, हेही नाही. म्हणजे तिथे पाणी कोळसा वाहून न्यायला होतं. खरी जाळायची स्लरी दाखवायची तर रशियातली बेलोव्हो ते नोवोसिबिर्स्क ही २६२ किलोमीटरची लाइन दाखवायला हवी होती, किंवा चीन, जिथे हे इंधन सगळ्यात जास्त वापरलं गेलं. मला हे सगळं नंतर वाचून कळलं. त्या दिवशी मी मागच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होतो.

स्लरी बनवायची कशी, तर कोळसा बॉलमिलमध्ये (पोलादी गोळे भरलेलं फिरतं पिंप) पाण्यासकटच दळायचा. सुका दळलात तर उडणारी धूळ ठिणगीला भेटली की मिलचं छप्पर जातं. दळण दोन जातींचं हवं, थोडं जाडसर आणि थोडं एकदम मैद्यासारखं. काँक्रीटमध्ये खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट बसतं, तसं. सगळं एकाच मापाचं दळलंत तर फटींमध्ये पाणी भरून राहतं, मग ते पंपही होत नाही आणि जळतही नाही. चांगल्या स्लरीत वजनाने ६५ ते ७० टक्के कोळसा असतो, तरी ती डांबराच्या पातळ भावासारखी ओतता येते. ही किमया टक्काभर डिस्पर्सिंग एजंटची, म्हणजे कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या रसायनाची. नॅप्थलीन सल्फोनेट जातीचं, तुम्ही डाइंगमध्ये वापरता त्याच घराण्यातलं. शिवाय कोळसा तळाला बसू नये म्हणून किंचित झँथन गम किंवा सीएमसी, हे दाटपणा आणणारे डिंक.

आमच्याकडे दोन गोष्टी चुकल्या. कोळसा स्वस्त म्हणून इंडोनेशियाचा आणला. त्याला राख कमी, पण तो कोळसा स्वतःच पाणी पिऊन बसलेला असतो. कितीही दळा, स्लरी ५२ टक्क्यांच्या वर जाईना. त्यापुढे ती कालवलेल्या कॉर्नफ्लोअरसारखी वागायची. हळू ढवळलं तर पातळ, जोर लावला की घट्ट. आणि नोझलमध्ये तर जोरच लागतो. दुसरं म्हणजे गम महाग पडतो म्हणून कन्सल्टंटने तो काढून टाकला. 'डे टँकला ॲजिटेटर आहे ना, मग बसेल कशी?' (डे टँक म्हणजे बर्नरजवळची रोजच्या इंधनाची टाकी, ॲजिटेटर म्हणजे तिच्यातला ढवळणारा पंखा.) टँकमध्ये आहे हो. पाइपात कुठे आहे?

आता खर्च निम्मा होतो का, ते तुमच्याच बॉयलरवर मोजू. २ टन वाफेला ताशी साधारण १३५ किलो तेल. तेलाची किलोला ९६०० किलोकॅलरी धरा. आमच्यासारख्या ५२ टक्क्यांच्या स्लरीत सुक्या कोळशाच्या ६००० प्रमाणे किलोला ३१२० मिळतात, त्यातल्या २९० आतलं पाणी उकळवण्यातच जातात. उरल्या २८३०. म्हणजे एक किलो तेलाच्या जागी ३.४ किलो स्लरी, ताशी साडेचारशे किलोच्या वर, आणि त्यातलं २२० किलो नुसतं पाणी तुम्ही चिमणीतून वर सोडताय. चांगल्या दगडी कोळशाची ६८ टक्क्यांची स्लरी असेल तर एक किलो तेलाच्या जागी दोन किलोच्या जरा वर लागते, तेवढं बरं. पण राख बघा. ६ टक्के राखेचा कोळसा म्हणजे तो सभ्यच म्हणायचा, तरी दिवसाला जवळजवळ साडेतीनशे किलो राख. तेलाची जास्तीत जास्त तीन किलो व्हायची. तुमच्या बॉयलरला ही राख काढायला दार कुठे आहे? नाहीच. तेलाच्या बॉयलरला राखेचं दार कोण ठेवतं? ती दुसऱ्या पासच्या ट्यूबमध्ये (धूर जातो त्या नळ्यांमध्ये) बसते, नाहीतर शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कापडावर. आणि आपल्या देशी कोळशाची ३५-४० टक्के राख धरलीत तर हिशोबच नको.

पहिल्या दिवशी ज्योत टिकेना. तेल नोझलच्या तोंडाशीच पेट घेतं, पिवळंधमक. स्लरीच्या थेंबातलं पाणी आधी उडावं लागतं, म्हणून ज्योत हातभर पुढे जाऊन पेटते आणि मधे नुसता काळा फवारा दिसतो. फोटोसेल म्हणजे ज्योत आहे का ते बघणारा डोळा, त्याला अंधार दिसला की तो बर्नर ट्रिप करतो, म्हणजे बंद पाडतो. तीनदा ट्रिप झाल्यावर साहेब म्हणाले, "फोटोसेलसमोर बॅटरी धर ना." मी म्हटलं, साहेब, धरतो, पण तुम्ही इथे माझ्या बाजूला उभे राहा. ते ऑफिसात गेले. मी मग दोन दिवस घालवून बर्नरच्या तोंडाला फायरब्रिकचा घसा बांधून घेतला, आधी डिझेलवर तासभर तो लालबुंद तापवला आणि मग स्लरी सोडली. तेलाचा हीटर बायपास केला, कारण तेल १०० डिग्रीला तापवतात तशी स्लरी तापवली तर ती कॉइलवरच भाजते. जुना गिअर पंप लगेचच झिजून खुळखुळा झाला होता, तिथे मोनो पंप (स्क्रूसारखा दांडा फिरवून घट्ट माल ढकलणारा) बसवला. (तेवढं 'पंप बदलावा लागेल' खरं निघालं.) चौथ्या दिवशी सलग आठ तास प्रेशर साडेसात किलोवर होतं, काटा हलला नाही. डिझेल नावाला. मी, हेल्पर पोरगा आणि फिटर, तिघांनी साइट ग्लासमधून आळीपाळीने ती ज्योत बघितली. परतीच्या गाडीत माझ्या कपड्यांकडे बघून शेजारी कोणी बसलं नाही, मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर उतरण. नोझलचं भोक रोज मोठं व्हायचं, ज्योत एका बाजूला कलायची. टंगस्टन कार्बाइडची टिप मागितली तर 'आधी ट्रायल यशस्वी होऊ दे' म्हणाले. स्टॅक टेंपरेचर, म्हणजे चिमणीतल्या धुराचं तापमान, २२० वरून २९० वर गेलं, म्हणजे ट्यूब राखेने भरत चालल्या होत्या. मी लॉगबुकात रोज लिहीत होतो. आणि पाचव्या दिवसापासून आणखी एक ओळ लाल पेनाने लिहीत होतो: 'स्लरी लाइनला फ्लशिंगचे पाणी नाही. कृपया जोडून द्यावे.' एक इंचाचा पाइप, दोन व्हॉल्व्ह, दुपारभराचं काम.

अकराव्या रात्री अडीचला वीज गेली. चाळीस मिनिटं. तेल असतं तर मी खुर्ची घेऊन बाहेर बसलो असतो. तेल थांबतं, वीज आली की तापवायचं आणि चालू. स्लरी थांबली की काही मिनिटांत लाइन पाण्याने धुवावी लागते, आणि आमच्याकडे पाणी होतं ते बादलीत. मी बर्नरकडचा युनियन (पाइपाचा जोड) खोलला, पोरगा डे टँककडून बादल्या ओततोय, "मामा, येतंय का? मामा, येतंय का?" पहिली बादलीभर आली. मग थेंब. मग काहीच नाही. सकाळी फिटरने अठरा मीटरचा पाइप तुकडे करून काढला. एका तुकड्यावर हातोडी मारली तर आतून अख्खी कांडी निसटून आली, शिसपेन्सिलीतलं शिसं निघतं तशी, पण बोटाएवढी जाड, गुळगुळीत, काळीभोर. त्यातला वीतभर तुकडा माझ्याकडे अजून आहे. शोकेसमध्ये गणपतीच्या मागे ठेवलाय, बायको दर दिवाळीला फेकायला काढते.

साहेबांच्या अहवालात लिहिलं गेलं: 'ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे लाइन चोक होऊन ट्रायल थांबवावी लागली.' ऑपरेटर म्हणजे मी. माझं इन्क्रिमेंट त्या वर्षी गेलं. गंमत अशी की डिसेंबरपर्यंत कच्चं तेल ४० डॉलरच्या खाली आलं आणि स्लरी हा शब्दच कंपनीत कोणी काढेना. जगातही हेच झालंय. १९७३ आणि १९७९ ला तेल भडकलं तेव्हा देशोदेशी स्लरीचे प्रयोग सुरू झाले, १९८६ ला तेल कोसळलं आणि बहुतेकांनी गुंडाळले. म्हणजे ट्रायल तशीही मेलीच असती. पण मारली मी, असं कागदावर राहिलं.

चार वर्षांपूर्वी ठाण्यात तलावपाळीला साहेब भेटले, दोघेही रिटायर. सोबत वहिनी होत्या. साहेब हसत म्हणाले, "हे आमचे बॉयलरवाले, यांनीच ती लाइन चोक केली होती." वहिनी पण हसल्या. मी पण हसलो आणि घरी येऊन रात्रभर जागा राहिलो.

तर आता ऐका साहेब, वाचत असाल तर. गम काढला कोणी? पाणी दिलं नाही कोणी? मोनो पंप, फायरब्रिक, हीटर बायपास हे ज्याने सुचवून करून घेतलं तो हलगर्जी?

एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितली नाही, इथे सांगतो. त्या लाइनला तेलाच्या काळातलं स्टीम ट्रेसिंग होतं, म्हणजे पाइप गरम ठेवणारी वाफेची बारीक नळी. त्याचा व्हॉल्व्ह मी पहिल्याच दिवशी बंद केला होता, पण तो पासिंग होता, म्हणजे बंद असूनही वाफ सोडायचा, आणि पाइप कोमट राहायचा. स्लरी इतकी घट्ट बसायला तेही कारण झालं असणार. मी पाइपाला हात लावून बघायला हवं होतं. अकरा दिवस नाही लावला.

असो, तुमचं. स्वस्त कोळसाच जाळायचा असेल तर सरळ कोळशाचा किंवा ब्रिकेटचा बॉयलर घ्या, फ्लुइडाइज्ड बेडचा (खालून हवा फुंकून तापलेल्या वाळूत जाळणारा) घेतलात तर बहुतेक कसलाही माल चालतो. देवाने कोळसा घट्ट दिलाय, तो आधी मैद्यासारखा दळायचा, मग त्यात पाणी घालायचं, मग तेच पाणी पैसे देऊन उडवायचं, हे एखाद्या मोठ्या वीज केंद्राला परवडलं तर परवडेल, दोन टनाच्या बॉयलरला नाही. तुमच्या गल्लीत पाइप गॅस आला असेल तर आधी तो हिशोब करा. स्लरीची बाजूही सांगतो: ती आपोआप पेटत नाही, सांडली तर वाळवून झाडूने गोळा करता येते, साठवायला तेलापेक्षा निर्धोक. पण इंधन बदललंत की प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात बदल करून घ्यावा लागेल आणि बॉयलर इन्स्पेक्टरलाही आधी विचारा. स्लरी कुठे मिळते याला माझं उत्तर, जो विकायला आलाय त्याच्याकडेच मिळेल. त्याला एवढंच म्हणा की चालू असलेला प्लँट दाखव, आणि तो दाखवेल तेव्हा ज्योत बघू नका, मागे जाऊन राख कुठे पडते ते बघा. फोटोसेलसमोर बॅटरी धरा म्हणाला तर चहा पण देऊ नका.

आणि तरीही करणारच असाल तर ड्रॉइंगमध्ये फ्लशिंगची लाइन बोटाने दाखवायला लावा. नसेल तर तुमच्या अटेंडंटला सांगा लॉगबुकात लिहायला, आणि त्या पानाची झेरॉक्स त्याला घरी नेऊ द्या. माझ्याकडे कांडी आहे, पान नाही.