मोठी कंपनी चार महिने बिल देत नाही, छोट्या कारखानदाराने काय करावं?

भोसरीत जॉबवर्क करता, एका बड्या कंपनीकडे दोन लाखांचं बिल चार महिने अडकलंय, आणि तक्रार केली तर पुढचं काम जाईल असं तुम्ही लिहिलंय. भीती रास्त आहे, म्हणून तक्रार सर्वांत शेवटी.

आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, बघा. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ऑर्डर घेण्याआधीची असेल तर उत्तम. पैसे अडकल्यावर काढलेल्या नंबरावर कोर्टात वाद होतात. नोंदणीत नुसतं ट्रेडिंग दाखवलं असेल तर थकलेल्या बिलांबाबतचं कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 90 दिवस छापलेत? कायद्यापुढे टिकत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर 6 टक्के धरला तर दोन लाखांवर चार महिन्यांच्या उशिराचे सव्वाबारा हजार होतात.

खरी गोम चलनात, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदात, आहे. मालाबद्दल हरकत असेल तर कंपनीने 15 दिवसांत लेखी कळवायला हवी. नाहीतर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. पण चलनावर गेटचा इनवर्ड शिक्का, तारीख नसली की 'माल रिजेक्ट होता' हे सहा महिन्यांनीही ऐकावं लागतं. शिक्का घ्या, फोटो काढा, जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदीचा) नंबर मागा. फोनवर रिजेक्शन सांगितलं तर त्याच दिवशी मेल करून लेखी मागा.

मग मार्चची वाट बघा. प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे (1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच)), मुदतीबाहेर थकलेलं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल 31 मार्चपर्यंत चुकतं केलं नाही तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. उद्यम प्रमाणपत्र जोडून पत्र अकाउंट्सला पाठवा, परचेसला नको. परचेसवाल्याला तो अपमान वाटतो, अकाउंट्सवाल्याला ऑडिटचा कागद.

कंपनीची उलाढाल 250 कोटींवर असेल तर तिला ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं बँकांना विकण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची आहे. तुम्हीही नोंदणी करा. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, थोडा डिस्काउंट कापून पैसे मिळतात. पुढे कंपनी बुडाली तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. मात्र तिने बिल मान्यच केलं नाही तर उपयोग शून्य.

काहीच हललं नाही तर याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज: पीओ, बिलं, चलनं, व्याजाचा तक्ता. आधी तडजोड, मग लवाद. कायद्यात 90 दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण निकाल तुमच्या बाजूने गेला की त्याला आव्हान द्यायला कंपनीला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे बऱ्याच कंपन्या त्याआधीच तडजोडीला येतात.