एट्रस्कन लोकांची (रोमच्या आधी मध्य इटलीत नांदलेले) ब्राँझची भांडी साच्यात ओतलेली असायची की ठोकून घडवलेली?

बहुतेक वेळा एकाच भांड्यात दोन्ही असतं. पोट पत्रा ठोकून केलेलं आणि कान, पाय, झाकणावरची मूठ ही ओतीव. आमच्या घरी तांबटकाम होतं त्यामुळे म्युझियममध्ये गेलो की माझी नजर आधी जोडावर जाते, कान कुठे डाखलाय, कुठे रिव्हेट मारलंय ते.

ब्राँझ म्हणजे तांबं नि कथील, साधारण दहाला एक. ठोकत गेलं की ते कडक होतं, तसंच पुढे ठोकलं तर कडेला चिरतं, मग परत भट्टीत लाल करायचं, गार करायचं, पुन्हा ऐरणीवर, असं कितीतरी वेळा. सुरुवातीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ९व्या-८व्या शतकात, हे लोक पत्रे नुसते रिव्हेटने जोडायचे आणि रिव्हेटची टोकं बाहेर टोकदार ठेवायचे, जोड लपवायचा नाही, तोच नक्षी म्हणून मिरवायचा, मला हे फार आवडतं. कान मात्र आधी मेणात घडवायचे, वर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. वुल्ची या एट्रस्कन शहरातले चोचीसारख्या तोंडाचे जग, म्हणजे ओतायची भांडी, बघा, कान जिथे पोटाला टेकतो तिथे पानाफुलांची ओतीव नक्षी असते. ही भांडी आल्प्सपलीकडे केल्ट टोळ्यांच्या सरदारांच्या थडग्यांत सापडलीत, इतकी मागणी होती.

आणि रोमला गेलात तर व्हिला जुलिया संग्रहालयातली फिकोरोनी सिस्टा बघाच. १७३८ मध्ये पॅलेस्ट्रीनाला सापडलेला हा झाकणाचा गोल डबा पाऊण मीटरच्या आसपास उंच आहे. गाव लॅटिन लोकांचं, त्यामुळे काटेकोरपणे एट्रस्कन म्हणता येणार नाही, पण घडण त्याच परंपरेतली. पोटावर टोकदार हत्याराने अर्गोनॉट्स या ग्रीक पुराणातल्या समुद्रवीरांची गोष्ट कोरलीय, रेघ कुठे थरथरलेली नाही. झाकणावर मूठ म्हणून तीन ओतीव आकृती आणि त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर डबाच बोलतो: दिंदिया माकोल्नियाने मला मुलीला दिलं, नोवियोस प्लाउतियोसने मला रोममध्ये बनवलं. आता हे नाव ओतकाम करणाऱ्याचं की कोरणाऱ्याचं यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला वाटतं ओतणाऱ्याचं, कारण सही त्याच्याच कामाखाली आहे, पोटावरच्या चित्राजवळ नाही.