सातबाऱ्यावर 'मौजा पिंपळखुटा (रिठी)' आणि पाटीवर 'साईनगर', असं का?

रिठी म्हणजे ओसाड पडलेलं गाव. साईनगर हे तुमच्या लेआउटचं नाव, पण जमीन त्या जुन्या मौजाच्या, म्हणजे महसुली गावाच्या हद्दीत आहे. रोगराई, पाण्याची टंचाई अशा कारणांनी वस्ती उठून गेली, तरी महसुली दप्तरातली शीव, नकाशा आणि शेतांचे नंबर तसेच राहिले. त्यामुळे आजही खरेदीखतात मौजा तोच लिहावा लागतो. रिठीला स्वतःची ग्रामपंचायत नसते, ती शेजारच्या गावाला जोडलेली असते, म्हणून घरटॅक्सच्या पावतीवर तिसरंच नाव दिसलं तर घाबरू नका. लेआउट मोजणीच्या कामात आपल्या विदर्भात हे मी कितीदा पाहिलं: काळ्या वावरात मधेच पांढरट मातीचा उंचवटा, नांगराला लागलेली खापरं, बाजूला चिंच आणि मारुतीचा ओटा. तीच त्या गावाची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा! अशी जागा अजून शिल्लक असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जरूर पाहून या. मात्र खुर्द-बुद्रुकचा रिठीशी संबंध नाही. ते धाकटं-थोरलं सांगणारे फारसी शब्द. प्लॉट घेण्याआधी हद्द पटवाऱ्याकडच्या गावनकाशावरच तपासा, पाटीवर विसंबू नका.